डाव्या चाकाचा जबाब

विमान दुरुस्त करणाऱ्या माणसाला पगार संशय घेण्यासाठी मिळतो. बाहेरच्यांना हे पटत नाही. त्यांना वाटतं, आम्हाला पगार हुशारीचा मिळत असेल. हुशारी लागते, नाही असं नाही. पण हुशार माणूस एकदा घट्ट केलेला नट पुन्हा बघत नाही. संशयी माणूस बघतो. मी सांताक्रूझच्या हँगरमध्ये चौतीस वर्षं काढली, आणि निवृत्त होताना माझ्याजवळ दुसरं काही नसलं तरी हा गुण भरपूर होता. घरी मंडळी त्याला खोड म्हणतात. मी कडी लावलेली असली तरी परत उठून बघतो.

आमच्याकडे एकदा एक स्क्रूड्रायव्हर हरवला. साधा, वीतभर. अर्धा दिवस सगळं काम थांबलं, कारण तो एखाद्या विमानाच्या पंखात राहिला असेल तर विमान वळवणाऱ्या पोलादी दोऱ्यांमध्ये अडकून विमान वळायचं थांबेल. शेवटी तो एका हेल्परच्या डब्याच्या पिशवीत निघाला. त्यानं नेला नव्हता, चुकून गेला होता. पण त्यानंतर महिनाभर प्रत्येक जण त्याच्या पिशवीकडे बघत असे. संशय असा असतो. तो खोटा ठरला तरी लगेच घरी जात नाही.

मी हे लिहायला घेतलं ते परबबद्दल. तो गेल्या वर्षी गेला, म्हणून आता लिहितो.

परब लालबागचा. मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत. मी परळच्या चाळीतला. माझेही वडील गिरणीतच, पण आमचं खातं वेगळं. साचाखात्यात, म्हणजे मागांवर, आमच्या माणसांना तेव्हा घेत नसत. आमच्या घरानं धम्मदीक्षा घेतली त्याच सुमाराला मी तांत्रिक शाळेतून पास होऊन विमानाच्या कामाला लागलो. चाळीत अशी नोकरी पहिलीच. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, ‘आमचा भीमराव विमानाचे पाय बघतो.’ तिला तेवढंच समजलं होतं आणि ते बरोबर होतं. मी आणि परब, आमच्या जोडीकडे विमानाच्या पायांचं काम होतं.

सकाळी कंपनीचा ट्रक दादरला टिळक पुलाजवळ यायचा. आम्ही दोघं तिथपर्यंत चालत जात असू. परब वाटेवर बोलत असे ते फक्त संयुक्त महाराष्ट्राबद्दल. सभा कुठे, कोण बोलणार, कुणाला धरलं. मी ऐकत असे. मनातून मीही त्याच बाजूचा होतो, आमची माणसंही चळवळीत होतीच. पण नोकरी नवी होती, मी सभेला मागच्या कडेला उभा राहून लवकर परतणारा. परबचं तसं नव्हतं. त्यानं हँगरच्या मागच्या भिंतीवर ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असं हातभर अक्षरात लिहिलं होतं, आणि तेही आमच्या कामाच्या खडूनं.

हा खडू कशाला लागत असे ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

त्या वेळची आमची विमानं दोन इंजिनांची, शेपटी जमिनीला टेकून उभी राहणारी. विमान उतरतं तेव्हा सगळा भार पुढच्या दोन पायांवर येतो. हे पाय वर दुमडणारे असतात. उतरताना ते दुमडू नयेत म्हणून प्रत्येक पायाला मागून एक तिरका पोलादी टेकू असतो. हा टेकू मोडला की पाय गुडघ्यातून जावा तसा जातो. म्हणून ठरावीक दिवसांनी आम्ही त्याला तडा गेलाय का ते बघत असू. रंग खरवडायचा, टेकूला रॉकेल चोपडायचं, तासभर थांबून कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून फासायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळी रेघ उमटते. रेघ नसेल तर टेकू परत जोडायचा, बोल्ट घालायचा, नट आवळायचा आणि नट सुटू नये म्हणून त्यातून स्प्लिट पिन घालून तिचे पाय वाकवायचे. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं डोळ्यांनी बघायचं, मग दोघांनी सही करायची. कागदावर दोन सह्या असतात त्या याच कारणासाठी.

त्या सोमवारी आम्ही एका विमानाचा डावा टेकू घेतला. दुपारी सभा होती, रस्ते बंद होतील अशी हवा होती, ट्रक लवकर सुटणार होता. खडूचं काम माझं. मी रंग खरवडला. टेकूच्या वरच्या टोकाला कड्यासारखी कॉलर असते, तिच्याखाली बोटभर रंग राहिला. तिथे खरवडायची पत्री नीट पोचत नाही, आडवं होऊन खरवडावं लागतं. मी बघितलं, खाली कुठेच रेघ नव्हती. परबला म्हणालो, ‘स्वच्छ आहे.’ तो पलीकडून बोल्टाला ग्रीस लावत होता. त्यानं मान वर न करता सही केली.

मग ट्रकचा भोंगा वाजला. परब म्हणाला, ‘तू जा रे, जागा धर. पिना मी घालतंय.’ मी सही केली आणि गेलो.

गुरुवारी सकाळी ते विमान बेळगावहून येत होतं. पावसाळा नुकताच सरला होता, धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत. आम्ही हँगरच्या दाराशी उभे होतो. विमान छान टेकलं. टेकल्या टेकल्या, अजून वेगात असतानाच, ‘तडाक’ असा आवाज आला, दगडावर लोखंडी पहार आपटावी तसा. मग बराच वेळ ते सरळ धावलं. मला वाटलं, कानाला भास झाला. आणि डावा पाय गेला. डावा पंख जमिनीला लागला, त्या बाजूच्या इंजिनाचा पंखा वाकला, विमान डावीकडे गरकन वळलं, धावपट्टी सोडून गवतातून चिखल उडवत गेलं आणि नाल्याच्या अलीकडे थांबलं.

आम्ही धावलो. अंतर फार नव्हतं, पण मला ते अजून संपत नाही.

विमानाचं दार डाव्या अंगाला. ते आता जवळजवळ जमिनीला टेकलं होतं, म्हणजे उतरायला सोपं. पण डाव्या पंखाची टाकी फुटून पेट्रोल नेमकं त्या दारापर्यंत पसरत होतं. दार उघडलं गेलं, हवाई सुंदरीनं बाहेर बघितलं आणि लगेच ते लावून घेतलं. गिरगावातल्या एका वैद्यांची ती मुलगी, वीस-बावीसची असेल. पुढे चौकशीत तिला विचारलं, दार लावायचा हुकूम कुणी दिला? ती म्हणाली, ‘वास आला.’ तिनं उजव्या पंखावरची खिडकी काढली आणि माणसं तिथून बाहेर यायला लागली.

उजवा पंख वर उचलला गेला होता. त्याची मागची कड माझ्या डोक्याच्याही वर. शिडी मागून येत होती. तिची वाट बघण्यासारखी परिस्थिती नव्हती. परब आणि मी भिंतीसारखे उभे राहिलो. माणसं पंखावर बसत, घसरत, आमच्या खांद्यावर पाय देत आणि खाली उतरत. पलीकडे बंबवाले फेस मारत होते. नऊवारी नेसलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. माझ्या खांद्यावर पाय ठेवायला त्या तयार होईनात. म्हणाल्या, ‘पाय कसा लावू रे बाबा तुला?’ मी म्हणालो, ‘लावा आजी, लवकर.’ खाली उतरल्यावर, तेवढ्या घाईतही त्यांनी माझ्या खांद्याला हात लावून तो कपाळाला टेकवला. घरी आईनं हे मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. तिच्या आयुष्यात असा नमस्कार कधी तिच्याकडे आला नव्हता.

हवाई सुंदरी शेवटी उतरली आणि माणसं मोजून म्हणाली, ‘एक कमी आहेत. मागे एक वकील होते, ते चष्मा शोधतायत. मी दोनदा ओढलं, येत नाहीत.’

माझ्या हातावर पाय देऊन परब पंखावर चढला आणि खिडकीतून आत गेला. आत तो किती वेळ होता ते मी सांगू शकत नाही. मला फार वाटला. मग खिडकीतून आधी कागदपत्रांची एक पिशवी आली, मग वकील आले, चष्म्यासकट, मग परब. आग लागली नाही. एका गृहस्थाचं मनगट मोडलं, बाकी सगळे खरचटण्यावर सुटले. त्या दुपारी आमचे मुख्य इन्स्पेक्टर चित्रेसाहेब परबच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘शाब्बास.’ चित्रेसाहेब दादरचे, मोजकं बोलणारे. त्यांच्याकडून मी हा शब्द आणखी एकदाच ऐकला असेन.

शाब्बासकी एक दिवस टिकली.

शुक्रवारी मोडका पाय तपासला तेव्हा टेकूचं खालचं अर्धं जागेवर होतं. वरचा तुकडा, बोल्ट, नट, पिन, काहीच नव्हतं. विमान थांबलं होतं तिथल्या आसपासचं गवत माणसं लावून कापलं, काही मिळालं नाही. मग कुणीतरी म्हणालं, बोल्टच निसटला असेल. बोल्ट निसटतो केव्हा? पिन नसेल तेव्हा. पिन कुणी घातली? परबनं. परब कोण? भिंतीवर लिहिणारा.

साध्या कपड्यातले दोन अधिकारी आले. मला चित्रेसाहेबांच्या खोलीशेजारी बसवलं. त्यातला एक मराठीच होता, गोड बोलणारा.

‘सकपाळ, पिन तुम्ही पाहिलीत?’

‘नाही.’

‘खाली सही तुमची आहे.’

‘आहे.’

‘न बघता सही करता?’

मी त्या सहीकडे बघितलं.

‘हे बघा, तुमची नोकरी नवी आहे. तुमच्या लोकांना अशी नोकरी रोज मिळत नाही. तुम्हाला आम्ही यात धरत नाही. फक्त झालं ते सांगा. पिन न बघता तुम्ही का गेलात?’

मी सांगितलं, ‘परब म्हणाला, तू जा, पिना मी घालतो.’

त्यानं ते लिहून घेतलं. मग विचारलं, ‘विमान पडल्यावर तो एकटाच आत गेला होता ना? आत काय करत होता?’

‘वकिलांना आणायला गेला होता.’

‘ते झालंच. पण किती वेळ होता? एवढा वेळ लागतो?’

मी म्हणालो, ‘बराच वेळ होता.’

यातला एकही शब्द खोटा नव्हता. हे मी स्वतःला फार दिवस सांगत आलो. पण खरं असं की, तोपर्यंत माझ्या मनातही परबबद्दल किडा वळवळायला लागला होता. हा ट्रकमधून सभेला जायची घाई करत होता. ह्यानंच मला पुढे पाठवलं. बेळगावच्या विमानात सरकारचं कुणी असेल असं त्याला वाटलं असेल का? माणूस एकदा संशयाचा पगार घ्यायला लागला की तो नटापाशी थांबत नाही.

शनिवारी परबला घेऊन गेले. एका चौकीत ठेवलंय, एवढंच कळलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच धावपट्टीच्या कडेनं चालत गेलो. मला तो आवाज आठवला होता. ‘तडाक’ झालं ते विमान टेकल्यावर लगेच, आणि सगळे शोधत होते ते विमान थांबलं तिथे. तुकडा असलाच तर फार मागे असणार. मी परबला सोडवायला गेलो होतो असं कुणाला वाटेल, पण तसं नव्हतं. पिन नसलेला बोल्ट बघायचा होता मला. आपण बोललो ते बरोबर होतं एवढं कळलं की झोप लागेल, म्हणून गेलो होतो.

तुकडा मिळाला. गवतात, अर्धा चिखलात रुतलेला. मी तो हँगरच्या मागे नेला, रॉकेलनं धुतला. बोल्ट त्यातच अडकलेला होता. नट होता. नटात पिन होती, आणि तिचा एक पाय बोल्टावर चढवलेला, दुसरा कापून खाली दाबलेला. परब अशाच वाकवायचा, दुसरं कुणी तेवढी मेहनत घेत नसे.

मग मी मोडलेली बाजू बघितली. अर्धी बाजू चहासारखी काळपट, तिच्यावर तिसऱ्यांच्या शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा. उरलेली चकचकीत, खडीसाखर फोडल्यासारखी. कुणाला वाचता येवो न येवो, मला येत होतं. काळपट भाग म्हणजे जुना तडा. तो रोज थोडा थोडा वाढत होता. चकचकीत भाग गुरुवारी सकाळी मोडला. आणि तडा कॉलरखाली होता, मी रंग सोडला त्या बोटभर जागेत.

मी तुकडा कापडात गुंडाळला आणि लॉकरमध्ये हत्यारांच्या खाली ठेवला.

मंगळवारी मी काही केलं नाही. बुधवारी संध्याकाळी लालबागला परबच्या घरी गेलो. का गेलो ते माहीत नाही. त्याची आई दारातच बसली होती. माझा हात धरून म्हणाली, ‘माझ्या झिलान काय केल्यान रे? तू तर त्याच्याच वांगडा काम करतंस. तुका ठाऊक आसतला.’ मी म्हणालो, ‘त्यानं काही केलं नाही आई. येईल तो.’ तिनं मला चहा दिला. तो मी पूर्ण प्यायलो, त्याची आजही लाज वाटते.

गुरुवारी सकाळी चित्रेसाहेबांच्या टेबलावर तुकडा ठेवला. त्यांनी तो नाकाजवळ नेला, खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

‘कधी मिळाला?’

‘आत्ता साहेब. सकाळी.’

‘आत्ता,’ ते म्हणाले. मग मोडलेली बाजू खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ बघून विचारलं, ‘इथला रंग काढला होतात?’

‘बोटभर राहिला होता.’

‘हे लिहून द्याल?’

‘देईन.’

मी लिहून दिलं. चौकशीत असं ठरलं की त्या जागी खडूनं तडा दिसेलच अशी खात्री नव्हती, आणि पुढे टेकू पूर्ण उतरवून यंत्रावर तपासायची पद्धत आली. मला लेखी ताकीद मिळाली. रंग काढला असता तर रेघ दिसली असती का? मी तसा टेकू पुढे शेकडो वेळा बघितला. उत्तर मिळालं नाही.

परब शुक्रवारी सुटला. त्याचा डावा कान गेला होता. बुधवारी दुपारी चौकीत कुणीतरी कानशिलात मारली. ते कोण, ते त्यानं कधी सांगितलं नाही. सोमवारी मी तुकडा दिला असता तर परब मंगळवारी घरी असता. हा हिशेब मला तोंडपाठ आहे.

कामावर आल्यावर त्यानं मला एवढंच विचारलं, ‘पिन बघितली नाय असा सांगितलंस?’

‘हो.’

‘बघितली नव्हतीसच ना?’

‘नव्हती.’

‘मगे बरोबर सांगितलंस.’

पुढे मुंबईसकट महाराष्ट्र झाला. परबनं हँगरभर पेढे वाटले, मलाही दिला. त्याला इंजिनाचं काम मिळालं नाही; इंजिन ऐकून ओळखावं लागतं आणि त्याला एकच कान. तो पायांच्याच कामावर राहिला, माझ्याच पाळीत, निवृत्त होईपर्यंत. मला दोनदा बढती मिळाली. तरी मी केलेलं प्रत्येक काम तो पुन्हा बघायचा. मी घट्ट केलेल्या नटावरून बोट फिरवायचा, मी तपासलेल्या टेकूच्या कॉलरखाली नख घालायचा. मला वाटे, ऐकू येत नाही म्हणून तो बोटांनी बघतो. नव्या मुलांना मी त्याचा दाखला द्यायचो.

दोघंही निवृत्त झाल्यावर, बऱ्याच वर्षांनी, मी एका रविवारी लालबागला गेलो. त्याची आई केव्हाच गेली होती. बायको भाजी निवडत होती, ती उठून आत गेली. मी त्याला म्हणालो, ‘परब, तो तुकडा मला गुरुवारी मिळाला नव्हता. सोमवारी मिळाला होता.’

तो म्हणाला, ‘माका म्हायत होता.’

‘कसं?’ मी विचारलं.

‘चित्रेसायबान तेव्हाच सांगितल्यान. म्हणाले, चिखलातना आत्ता काढलेल्या तुकड्याक रॉकेलाचो वास येणा नाय. म्हणाले, तक्रार करूची तर कर, मी साक्ष देतंय.’

‘मग केली का नाहीस?’

‘तुझी नोकरी गेली असती. तुझ्या चाळीत तू पयलो.’

मी विचारलं, ‘मग दुसरी पाळी तरी मागायचीस. एवढी वर्षं माझ्याबरोबर कशाला राहिलास?’

परबला हा प्रश्न विचित्र वाटला असावा. तो म्हणाला, ‘मी दुसऱ्या पाळीक गेलो असतंय, तर तुझा काम तपासूक कोण होता?’

रागानं बोलला नाही. कामाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मग त्यानं आपली खुर्ची माझ्या दुसऱ्या अंगाला ओढून घेतली, चांगला कान माझ्याकडे केला आणि म्हणाला, ‘आता सांग. सगळा सांग, काय्येक सोडू नको.’

मी त्या पहिल्या सोमवारच्या बोटभर रंगापासून सुरुवात केली.